जपानमध्ये अनोळखी मासे खायला सुरुवात कुठून करावी?

पुणेरी_पाहुणी

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही कावासाकीला राहायला आलोय, निदान दोन-तीन वर्षं तरी इथेच. मी पुण्याची, माहेरी मासे म्हणजे गणेश पेठेतून तुकडे करून आणलेली सुरमई नाहीतर पापलेट, रवा लावून तळलं की संपलं. सासर अलिबागचं त्यामुळे लग्नानंतर बोंबील, कोळंबी, चिंबोरी वगैरे शिकले, पण ते सगळं सासूबाईंच्या हाताखाली.

आता इथल्या सुपरमार्केटात गेलं की मासळीचा विभाग भाजीपेक्षा मोठा, आणि त्यातलं अर्धंअधिक मला ओळखता येत नाही. चकचकीत प्लास्टिकच्या ट्रेमधे काय काय ठेवलेलं असतं, परवा एक पांढरं, वळ्यावळ्यांचं, मेंदूसारखं काहीतरी बघितलं आणि चार पावलं मागे सरले. लेबल कॅमेऱ्याने वाचायचा प्रयत्न केला तर फोन म्हणाला 'पांढरी मुलं', आता बोला!

तर प्रश्न असे की (१) आपल्या तोंडाला पटेल असा कुठला मासा आधी आणावा (२) कच्चं खायचं का, आणि मुलगा चार वर्षांचा आहे त्याला द्यायचं का (३) घर लहान, शेजारी भिंतीला भिंत, वासाचं आणि कचऱ्याचं काय करता (४) नवऱ्याच्या ऑफिसची वर्षअखेरची पार्टी आहे डिसेंबरात, तिथे समोर आलेलं नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं. पापलेट मिळेल का हा पाचवा प्रश्न पण तो नवऱ्याचा आहे :)

वेंगुर्लेकर_परगावी

पापलेटाचा प्रश्न आधी निकालात काढतो. इथे त्याला मानागात्सुओ म्हणतात, ओसाका-ओकायामाकडे मिळतं, आपल्या कांतो (म्हणजे टोकियोच्या बाजूच्या) भागात क्वचित दिसतं आणि दिसलं तर किंमत बघून परत ठेवाल. त्याच्या मागे लागू नका, नवऱ्याला सांगा पापलेट सुट्टीत गावी गेल्यावर.

ताई, अनोळखी मासे खायचे तर ओळखीच्या माशांच्या भावकीतनं आत शिरायचं, हा माझा साधा हिशोब. सावारा बघा, तो सुरमईच्याच कुळातला, शास्त्रीय नावातला पहिला शब्दसुद्धा तोच. मांस सुरमईपेक्षा मऊ असतं त्यामुळे तव्यावर उलटताना तुटतं, हलक्या हाताने उलटा. साबा म्हणजे बांगड्याचा चुलतभाऊ, पण अंगाने जास्त तेलकट. इवाशी म्हणजे तारली. आजी नावाचा मासा बांगडा आणि तारलीच्या मधला समजा, ब्रेडचा चुरा लावून तळलेला आजी-फ्राय कुठल्याही कँटीनला मिळतो, मुलगा नक्की खाईल. फक्त अख्खा आजी आणलात तर शेपटीकडून बाजूने एक कडक खवल्यांची करवतीसारखी रेघ असते ती सुरीने काढून टाका, घशात टोचते. नाहीतर काउंटरवरच्या माणसाला हाताने खूण करून सांगितलं की तो डोकं-पोट काढून साफ करून देतो, बऱ्याच दुकानांत त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. हाडं काढून दोन बाजू हव्या असतील तर 'सान्माई ओरोशी' म्हणायचं.

पहिल्या दिवशी आणायचा तो मासा म्हणजे शिओ-साबा. मिठातल्या साबाच्या चपट्या फाकी असतात, बऱ्याचशा नॉर्वेहून आलेल्या (पाठीवरच्या ठळक काळ्या नागमोडी रेघा बघा, नॉर्वेच्या साबावर त्या जास्त उठून दिसतात). मीठ आधीच असतं, वरून घालायचं नाही. तुमच्या गॅसच्या शेगडीच्या पोटात एक कप्पा असेल, तो मासे भाजायचाच आहे, बरेच भारतीय त्यात तवे-झाकणं ठेवतात. जुन्या शेगडीत खालच्या ट्रेमधे थोडं पाणी घालावं लागतं, ते घाला, नाहीतर गळणारी चरबी पेटून धूर होतो. कातडी वर करून भाजा, कातडीला फोड आले, कडा करपल्या की काढा. सोबत किसलेला मुळा आणि लिंबू. आणि कृपा करून पहिल्या वेळी मसाला लावू नका. आमची आजी म्हणायची, मासो ताजो आसलो तर मसालो कित्याक व्हयो.

वास तळण्याने येतो, या कप्प्यात भाजल्याने त्यामानाने कमी. पंखा आधी चालू करा, नंतर नाही.

नागपुरी_तडका

वेंगुर्लेकर दादांशी असहमत. आम्ही विदर्भातली माणसं, समुद्र बघितला तोच मोठं झाल्यावर, आमचा मासा म्हणजे तळ्यातला रोहू-कटला आणि सावजी रस्सा. मला सुरुवातीला मिठातला नुसता भाजलेला मासा अजिबात गेला नाही, घशाखाली उतरेना. मग सावाराचे तुकडे आणून सरळ मसाल्यात घातले आणि तिथनं गाडी सुरू झाली. जिभेला आधी ओळखीचं काहीतरी लागतं, मसाला हळूहळू कमी करता येतो ना! आता मी मीठ लावलेला आजी खातो, पण तो मसाल्याच्याच रस्त्याने आलोय.

आणि रोहूची आठवण आली तर शिन-ओकुबोला हलाल दुकानांच्या गल्लीत जा, फ्रीझरमधे रोहू, हिलसा सगळं बांगलादेशी मिळतं. उएनोच्या आमेयोकोला आमेयोको सेंटर बिल्डिंगच्या तळघरात पण जाऊन या, जिवंत खेकडे, कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता पण कधीमधी, अर्धा आशिया खरेदीला आलेला असतो तिथे. मी उदास झालो की तिकडे जातो.

रात्रपाळी

कच्च्याबद्दल मी लिहितो कारण याबाबतीत आपल्याकडे दोनच टोकं दिसतात, एक तर 'ई कच्चं' नाहीतर 'जपानमधे आहे ना मग काय होतंय'.

होतं. अनिसाकिस नावाची एक पांढरी, दोन-तीन सेंटीमीटरची दोऱ्यासारखी अळी असते, साबा, इवाशी, सानमा, कात्सुओ, इका (म्हणजे आपली माकुल) यांच्यात सापडते. मासा मेला की पोटातून मांसात शिरते. कच्च्या माशातून जिवंत गेली तर काही तासांत पोटात अशी कळ येते की माणूस दुमडतो. माझ्या ओळखीतल्या एकाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, डॉक्टरांनी दुर्बिणीने ती पोटाच्या भिंतीवरून चिमट्याने काढली, आणि काढल्याबरोबर दुखणं उतरलं. व्हिनेगर, मीठ, सोया सॉस, वासाबी यांपैकी कशानेही ती मरत नाही, त्यामुळे व्हिनेगरातला शिमे-साबा 'शिजल्यासारखाच' आहे हे कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि खाऊ नका, निदान घरी करू नका. मरते कशाने तर उणे २० अंशाला २४ तास गोठवून, किंवा ६० अंशाला एक मिनिट शिजवून. म्हणून भाजलेल्या-तळलेल्या माशात चिंता नाही, आणि गोठवून आलेल्या माशात पण नाही.

दुसरं, साशिमी (कच्च्या माशाच्या चकत्या) म्हणून विकलेलं तेच कच्चं खायचं, ताजा दिसतोय म्हणून शेजारच्या ट्रेमधला मासा कापून खायचा नाही. आणि कालवं. इथे कालवांच्या पाकिटावर दोन प्रकार असतात, एक कच्चं खायचं (नामाशोकु-यो) आणि एक शिजवायचं (कानेत्सु-यो). लोकांना वाटतं पहिलं ताजं आणि दुसरं शिळं, तसं नाहीये. फरक कुठल्या पाण्यात वाढवली आणि नंतर शुद्ध पाण्यात ठेवली का याचा आहे. शिजवायची कालवं किनाऱ्याजवळच्या पोषक पाण्यातली असतात त्यामुळे उलट जास्त भरलेली आणि चवदार, पण त्यात नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) असू शकतो, म्हणून आतपर्यंत ८५ ते ९० अंशाला दीड मिनिट तरी शिजली पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत नोरोची साथ असतेच. मी घरी कायम शिजवायचीच आणतो, आलं-लसूण-तिखट-कोकम घालून सुकं करतो, हिरोशिमाची कालवं आपल्याकडच्यांपेक्षा दुप्पट मोठी असतात, एका पाकिटात दोघांचं भागतं.

मुलाबद्दल, इथल्या आया साधारण तीन वर्षांपर्यंत कच्चं देत नाहीत, चौथ्या वर्षी थोडं चालतं, पण घाई काय आहे? फिरत्या पट्ट्याच्या सुशीत न्या, तिथे कच्चं नसलेलं भरपूर मिळतं, उकडलेली कोळंबी (एबी), गोडसर शिजवलेला आनागो (समुद्रातली वाम), अंड्याचा तामागो. वासाबी आता बहुतेक ठिकाणी वेगळी पुडीतच देतात. इकुरा म्हणजे सामनची लालकेशरी गाबोळी मुलांना आवडते पण तिची ॲलर्जी लहान मुलांत आढळते, पहिल्यांदा एक-दोन दाणेच द्या आणि थांबा.

घरात कोणी गरोदर असेल तर कच्चं तर टाळाच, शिवाय मोठे शिकारी मासे, म्हणजे होन-मागुरो आणि मेबाची (दोन्ही ट्यूना), मेकाजिकी (तलवारमासा), किन्मेदाई, यांत पारा जास्त असतो, सरकारचाच सल्ला आठवड्याला साधारण ८० ग्रॅमच्या वर नको असा आहे. साबा-आजी-सामनला ती अडचण नाही.

पुणेरी_पाहुणी

बापरे रात्रपाळी, इतकं सविस्तर! अळीचं वाचून रात्री झोप नाही आली पण धन्यवाद.

शिओ-साबा करून बघितला. पंखा आधी लावला. तो शेगडीचा कप्पा उघडला तर आत आधीच्या भाडेकरूची जाळी कागदात गुंडाळून ठेवलेली, म्हणजे कोणी वापरलाच नव्हता. मुलाने कातडीसकट खाल्लं, नवऱ्याने दोन घास झाल्यावर उठून फ्रीजमधनं लोणचं आणलं, मी मधे कुठेतरी. नागपुरी तडका यांचं पण पटतंय आणि वेंगुर्लेकरांचं पण, आता काय करू. आणि त्या 'पांढऱ्या मुलां'चं कोणीच सांगितलं नाही!

ओसाकेची_सून

अगं ते शिराको. कॉड माशाच्या नराचं वीर्य ठेवलेली पिशवी असते ती, स्पष्टच सांगते. हिवाळ्यात येतं, महाग असतं, आणि पार्टीत मान म्हणून तुमच्याच पुढे सरकवतील. गाबोळी खाणाऱ्या घरातली असशील तर फार लांबची उडी नाहीये, मादीचं खातो तर नराचं का नको. कच्चंसर पोन्झूत (लिंबाळ सोया सॉसमधे) देतात ते मला लिबलिबीत लागतं, पण तेंपुरा केलेलं मिळालं तर घे, बाहेर कुरकुरीत आणि आत गरम साय. मी नवऱ्याच्या ताटातलं पण उचलते. 'नाही' म्हणायचं असेल तर लांबलचक कारणं देऊ नकोस, हात जोडून 'निगाते देसु' म्हण, म्हणजे मला जमत नाही. कोणी आग्रह करत नाही, आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतीपेक्षा खूपच कमी.

मी सासरी (जपानी सासर आहे माझं) आल्यावर ज्याने सोपं झालं ते सांगते. पहिलं म्हणजे सान्शो. उनागीवर (नदीतल्या वामेवर) हिरवट पूड भुरभुरवतात ती. वास घेतला आणि मी थबकलेच, आमच्या रत्नागिरीच्या घरी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडायची, हे त्याच्याच कुळातलं झाड. जिभेला तीच झिणझिणी, वास जरा जास्त लिंबाळ. आता मी साबाच्या तिखल्यात दाणेच घालते, पूड नाही, पूड शिजवली की वास उडतो.

दुसरं साकुरा-एबी, सुरुगाच्या खाडीतली इवलीशी गुलाबी कोळंबी, सुकवलेली मिळते. ती महाग वाटली तर साधी सुकी होशी-एबी घे. कांदा, भरपूर लसूण, तिखट, कोकम नसेल तर थोडी चिंच, आणि जवळ्याची करतो तशी परत. भाकरी नाही पण गरम भातावर. सासूबाई (जपानी) आता फोन करून विचारतात की ती तिखट एबी आहे का.

तिसरं शिशामो. बोटाएवढे मासे, पोटात अंडी भरलेली, डोक्यासकट शेपटीसकट खायचे. दुकानात स्वस्तात मिळतात ते बहुतेक खरे शिशामो नसून कापेलिन असतात, खरे होक्काइदोचे आणि महाग, पण आपल्याला तळायला काय फरक पडतो, मांदेलीसारखी हळद-तिखट-रवा लावून तळ. तुझ्या नवऱ्याचं लोणचं बंद होईल.

तिसऱ्या (शिंपल्या) पण मिळतात गं, आसारी म्हणतात. आपल्यापेक्षा लहान. रेती काढायला अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोठा चमचा, त्यात एका थरात पसरून ठेव, वर वर्तमानपत्र झाक कारण अंधारात त्या उघडतात आणि पाण्याच्या पिचकाऱ्या मारतात, ओटाभर होतं. दोन-तीन तास पुरे. मग हात लावून एकमेकींवर घासून धू, आणि आपलं सुकं कर. ओलं खोबरं इथे नाही, इंडियन दुकानातनं फ्रोजन किस आण, डब्यातल्या नारळाच्या दुधाने ते जमत नाही.

कचऱ्याचं मात्र ऐक. मासे साफ केलेली आतडी-डोकी पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमधे टाकायची आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढायची, आदल्या रात्री नाही, कावळे वाट बघत असतात. इथे सगळ्या बायका हेच करतात. पिशवीवर खूण कर, नाहीतर कोणीतरी मटार समजून काढेल.

एकादशी_दुप्पट

मी शाकाहारी, इथे चुकून आले असं वाटेल पण एक सांगायचं आहे. श्रावण किंवा वार पाळत असाल तर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घातलेलं सूप, उदोनचं पाणी, उकडलेल्या भाज्या, अगदी अंड्याचा तामागो सुद्धा, यात कात्सुओबुशी म्हणजे सुकवून-धुरावून कीस केलेल्या माशाचं पाणी असतं. दिसत नाही, वास पण येत नाही. घरी करायचं तर कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाच्या पट्टीचं पाणी करा, रात्रभर थंड पाण्यात टाकून ठेवली की झालं. बाकी तुमचं चालू द्या, शिराकोची माहिती वाचून मी माझ्या निर्णयावर ठाम आहे.

तोयामातला_टोणगा

माझ्याकडे तोयामाला मार्च ते मेच्या सुमारास होतारु-इका येतो, बोटाएवढी माकुल, समुद्रात रात्री निळी चमकते. दुकानात उकडूनच मिळते, सोबत आंबटगोड पिवळट मिसोची पुडी. घरी आणली की प्रत्येकीचे दोन डोळे आणि मधली चोच नखाने काढायची, कंटाळवाणं आहे पण नाही काढली तर दातात खडा आल्यासारखं होतं. आणि आत आतडी तशीच असतात, कडवट-मलईदार, तीच खरी चव. कच्ची कोणी दिली तर आतडं काढलंय का किंवा गोठवून आणलीये का विचारा, हिच्यात पण परजीवी असतात.

होया नावाचा समुद्री प्राणी मात्र मला झेपला नाही. मियागीकडे उन्हाळ्यात मिळतो, लालकेशरी गाठींचं, अननसाच्या आकाराचं काहीतरी, आत पिवळं मांस. खारट, कडू, गोड, सगळं एकदम आणि नंतर पाणी प्यायलं तर पाणी गोड लागतं. तिथली माणसं आवडीने खातात. कांतोत शिळा खाऊन नावं ठेवू नका, तासातासाला वास वाढतो त्याचा, खायचा तर सेन्दाई-इशिनोमाकीकडे जाऊनच. मी तिथे जाऊनच खाल्ला तरी नाही आवडला ते वेगळं.

एक गंमत सांगतो, तुम्हाला एकट्यालाच अनोळखी वाटतंय असं समजू नका. सामन कच्चा खायचा हे जपान्यांना पण नवीनच. परजीवींमुळे ते सामन भाजूनच खायचे, १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळलेला सामन खपवायला इथे मोहीम चालवली, बाजारातली माणसं वर्षानुवर्षं नाक मुरडत होती. आज सुशीच्या दुकानात लहान पोरं पहिली ऑर्डर सामनची देतात.

वेंगुर्लेकर_परगावी

नागपुरी तडका, मसाल्याचं मान्य, पण सावाराला सावजी म्हणजे बिचाऱ्या माशाचं नावच पुसलं. एकदा पांढऱ्या मिसोत मुरवलेला सावारा भाजून खा, सायक्यो-याकी म्हणतात, पाकीटबंद मिळतो. मंद आचेवर, मिसो पुसून, नाहीतर जळतो. मग बोलू.

आणि ताई, संध्याकाळी सात-आठनंतर दुकानात जात जा, मासळीवर 'हानगाकु'चे स्टिकर लावायला माणूस येतो, निम्मी किंमत. तो यायच्या आधी सगळ्या बायका साशिमीपाशी उगाच रेंगाळत असतात, तुम्हीही उभ्या राहा. अनोळखी काही आणायचं तर अर्ध्या किमतीत आणावं, नाही आवडलं तर जीव हळहळत नाही. फक्त त्याच रात्री शिजवून टाका.

पुणेरी_पाहुणी

शिशामो रवा लावून केले, लोणचं खरंच बंद झालं! पार्टीचं ठिकाण कळलंय, फुगूचं म्हणजे त्या विषारी माशाचं रेस्टॉरंट आहे. नवरा विमा बघतोय. खायचं का?

रात्रपाळी

खा की. फुगू हाताळायला परवाना लागतो, आणि विषारी यकृत विकायला-वाढायला देशभर १९८३ पासून बंदी आहे. १९७५ मधे बांदो मित्सुगोरो आठवा हा मोठा काबुकी नट क्योटोत यकृत खाऊनच गेला होता, मांस खाऊन नाही. आताचे बहुतेक विषबाधेचे प्रकार हौशी लोक स्वतः पकडून घरी साफ करतात त्यांचे असतात. चवीला साशिमी फार काही नाही, चिवट आणि सपक, पातळ कापून फुलासारखी मांडतात त्याचेच पैसे. पण कारा-आगे म्हणजे तळलेला फुगू मागा, आणि शेवटी नाबेच्या (टेबलावरच शिजवतात त्या रश्श्याच्या) उरलेल्या पाण्यात भात घालून जी खिमट होते ती सोडू नका. तिथेही शिराको असेल बरं का, फुगूचं. ते कॉडपेक्षा चांगलं म्हणतात, आणि भाजून देतात.

ओसाकेची_सून

भाजलेलं मिळालं तर नक्की घे. नवऱ्याला आधी सांगू नकोस काय आहे ते.